धावऱ्याला रेघ मारणाऱ्या अक्का

राजमणीअक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायाकडे. किराणा दुकानात माझ्या पुढे एक अनोळखी गृहस्थ उभे होते. अक्का सामान घेऊन निघाल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "ओ दादा, डाव्या करंगळीशेजारचं कातडं पांढरं पडलंय. खाजतं की नाही?"

ते गृहस्थ बिचकले. "खाजतं."

"मग साखर नंतर घ्या. आधी घरी जाऊन पाय कोरडा करा."

अक्कांची दुसरी खूण म्हणजे अंबाड्यात खोचलेलं निळं बॉलपेन. आमच्या गल्लीतल्या बायका अंबाड्यात गजरा माळायच्या, अक्का पेन माळायच्या. एकतीस वर्षं त्यांनी परिचारिका म्हणून नोकरी केली. त्यातली एकोणीस वर्षं कातडीच्या रोगांच्या वॉर्डात, मलमपट्टीच्या टेबलाशी गेली. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, पेन तसंच राहिलं.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. इथे निम्म्या घरांत तेलुगू बोलतात आणि दर तिसऱ्या घरात माग चालतो. अक्कांच्या घरातही दोन माग होते. यजमान वारल्यावर त्यांनी ते विकले. मागाच्या रिकाम्या खोलीत मग एक लोखंडी खाट, एक स्टूल, एक बादली आणि साबणाची वडी एवढंच उरलं. ज्याच्या पायाला, हाताला, चेहऱ्याला काही लाल झालं, तो सकाळी त्या खोलीत येऊन बसायचा. अक्का फी घ्यायच्या नाहीत आणि औषधही द्यायच्या नाहीत. "मी डॉक्टर नाही," त्या पहिल्यांदाच सांगून टाकायच्या. "मी औषध देत नाही. मी रेघ देते."

रेघ देणं म्हणजे काय ते मला माझ्याच पायावर कळलं.

मी टॉवेलच्या कारखान्यात चेकर आहे. टेबलावर टॉवेल पसरायचा, लांबी, रुंदी आणि वजन बघायचं, तुटलेला धागा आणि डाग शोधायचा, आणि पास, नाहीतर डागी मालाला सेकंड, असा शिक्का मारायचा. दिवसाला सहाशेच्या आसपास नग होतात आणि सगळं काम उभ्याने असतं. एका एप्रिलमध्ये, गुरुवारी दुपारी, मला टेबलाशी एकाएकी थंडी वाजून आली. बाहेर पारा बेचाळीसवर होता, पंखे गरम हवा फेकत होते आणि माझे दात वाजत होते. घरी येऊन ताप मोजला, तो एकशे तीन पॉइंट चार निघाला. डाव्या जांघेत अवधाणाची दुखरी गाठ आली होती. संध्याकाळपर्यंत डाव्या नडगीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला. त्याची कडा बोटाला लागेल इतकी वर आलेली होती, कातडी चकचकीत होती आणि हात लावला तर तव्यासारखी गरम लागत होती.

आई वळसंग गावची. तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "धावरं हाय हे. धावत वर जातंय म्हणून धावरं. पाण्याचा थेंब लावू नगं. गेरू लावायचा."

तिने सहाणेवर गेरू उगाळला आणि घोट्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत जाड थर दिला. मी बी.कॉम. झालेला माणूस आहे. पण अंगात ताप असला की आईचा हात गार लागतो आणि डिग्री आठवत नाही. मी लावू दिला.

मात्र माझ्या स्वभावाप्रमाणे मी वहीत नोंदी ठेवल्या. दर चार तासांनी ताप लिहिला. सकाळ-संध्याकाळ कारखान्याच्या टेपने पिंढरीचा घेर घेतला. गुरुवारी तो छत्तीस सेंटिमीटर होता, शुक्रवारी सदतीस पॉइंट दोन, शनिवारी सकाळी साडेअडतीस. तापाच्या गोळीने ताप शंभरावर आला होता, म्हणून मी 'सुधारणा' असा शेराही मारला. बायको शैला त्या शेऱ्यावर समाधानी नव्हती. शनिवारी सकाळी ती दूध आणायला गेली आणि येताना अक्कांना घेऊन आली.

तोपर्यंत अक्कांची आणि माझी ओळख रस्त्यात मान हलवण्यापुरती होती. त्यांनी चादर बाजूला केली आणि पायाकडे बघितलं.

"अय्यो! हे कोणी केलं? पाय आहे की तुळशीवृंदावन?"

आई दारात उभी होती. "गेरू हाय. धावऱ्याला गेरूच लागतो."

"आजी, चोर लाल, भिंत पण लाल. सापडणार कसा?"

मला वाटलं, आता आपण काहीतरी शिस्तीचं दाखवावं. मी वही पुढे केली. अक्कांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं. एकही ओळ सोडली नाही. मग वही मिटून माझ्या छातीवर ठेवली.

"आकडे लई छान काढलेत ओ चेकरसाहेब. ताप लिहिला, घेर लिहिला. लाली कुठवर चढली ते कुठं लिहिलंय?"

"ते गेरूखाली आहे."

"म्हणजे गठ्ठा न सोडताच माल पास केला की."

त्यांनी शैलाला कोमट पाण्याची बादली आणि साबण मागितला. तेवढ्यात आई बादली आणि खाट यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. माझी आई भांडखोर नाही, पण त्या वेळी ती तिथून हलायला तयार नव्हती. "बाई, हात जोडते. धुतलं की धावरं उलटतंय. आत शिरतंय. माज्या मावशीचं तसंच झालतं. गेरू धुतला आन् त्याच दिवशी गेली ती."

अक्कांची जीभ तिखट होती. आता त्या काहीतरी लागेल असं बोलणार, असं मला वाटलं. त्या खाली जमिनीवर बसल्या आणि आईलाही शेजारी बसवलं.

"मावशीला गेरू किती दिवस होता?"

"नऊ दिस."

"त्या नऊ दिवसांत पाय कोणी बघितला?"

"गेरू होता की वर. बघणार कसा?"

"आणि शेवटी धुतला का?"

"बोलंना झाली. डोळं फिरवाय लागली. म्हणून धुतला."

"मग आजी, धुतल्यामुळं ती गेली नाही. ती निघालीच होती. धुतल्यावर तुम्हाला दिसलं, एवढंच."

 साठ वर्षं आई आपल्या मावशीच्या मरणाचं खापर एका बादलीवर फोडत आली होती. मग ती उठली आणि बादलीत हात घालून बघितला. "लई कोमट झालंय. जरा ऊन पाणी घालू का?"

"नको, असंच पाहिजे," अक्का म्हणाल्या, आणि आईनेच तांब्याने पाणी ओतलं.

गेरू उतरला तेव्हा खरी लाली दिसली. माझ्या नोंदीत 'सुधारणा' होती आणि लाली गुडघा ओलांडून चार बोटं वर गेली होती. नडगीवर दोन फोड आले होते. अक्कांनी अंबाड्यातलं पेन काढलं आणि लालीच्या कडेकडेने, अजिबात घाई न करता, निळी रेघ ओढली. शेजारी आकड्यात वेळ लिहिली, ९:१०. "ही हद्द. आता रिक्षा बोलवा. दवाखान्यात तुमची वही दाखवू नका. ही रेघ दाखवा."

अकरा वाजता डॉक्टरांनी पाय बघितला, तेव्हा लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर होती. त्या तरुण डॉक्टरांनी एकदा रेघेकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न न विचारता मला दाखल करून घेतलं. रक्तदाब पंच्याऐंशीवर आला होता. पेनिसिलिन सोसतं की नाही हे बघण्यासाठी आधी टोचून पाहिलं आणि मग शिरेतून सुरू केलं. नंतर डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस गेरूखाली काढला असतात तर विष रक्तात भिनलं असतं. मग पायाचं नाही, जिवाचं बोलावं लागलं असतं."

अक्का रोज सकाळी दवाखान्यात यायच्या. रोज नवी रेघ, नवी वेळ. पाय उशीवर उंच ठेवलेला असे. तिसऱ्या दिवशी लाली पहिल्यांदाच रेघेच्या आत सापडली, अर्धं बोट आत. अक्का वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "चेकरसाहेब, माल मागे फिरला!" शेजारच्या खाटेवरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवतोय हे त्याला माहीत नव्हतं. सातव्या दिवशी मी घरी आलो तेव्हा पायावर सात रेघा होत्या, तिसरीपासून पुढची प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा खाली.

*

अक्कांच्या खोलीत मी नंतर पुष्कळ सकाळी बसलो आहे. लाल झालेलं सगळंच धावरं नसतं, हे मी तिथे शिकलो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "खाजतं की जळतं?" खाजत असलं तर त्या नवा साबण, नवी चप्पल, केसांचा रंग याची चौकशी करायच्या. जळत असलं आणि कमरेवर एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड असले, तर "ही नागीण आहे, आजच डॉक्टरकडे जा, गेरू घरी ठेवा." आग, ताप आणि उचललेली कडा असली, तर पेन बाहेर यायचं. आणि दिसतं त्यापेक्षा दुखणं भलतंच जास्त असलं किंवा कातडी काळी-जांभळी पडायला लागली, तर त्या रेघसुद्धा मारायच्या नाहीत. "रेघेला वेळ नाही. रिक्षा."

एकदा कोपऱ्यावरचे मटणवाले दस्तगीरभाई उजवं बोट वर धरून आले. बोट जांभळट लाल आणि सुजलेलं होतं.

"अक्का, मेरे कू बी धावरा हुआ क्या देखो."

"ताप आया?"

"नै. खाली ठणकता. सोने नै देता."

"हड्डी कब लगी?"

दस्तगीरभाई बघतच राहिले. "तुमकू कैसा मालूम? पाच-छे दिन हुए. बकरे की हड्डी घुसी थी."

"कडा जांभळी, मध्ये फिकं, ताप नाही, आणि तुम्ही खाटीक," अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू मी त्यांचा विद्यार्थी होतो. "हा धावऱ्याचा चुलतभाऊ. जंतू वेगळा. मटण, मासळी, जनावराची हाडं-कातडी हाताळतात त्यांच्याच हाताला धरतो. बहुतेक बोटातच बसून राहतो, पण कधी रक्तात उतरला तर हृदयापर्यंत जातो." मग दस्तगीरभाईंना बजावलं, "डॉक्टरला पहिलं वाक्य काय सांगायचं? मी मटण कापतो. ते सांगितलं नाही तर तो मुरगळलेल्या बोटाचं औषध देईल."

दस्तगीरभाईंनी तेच वाक्य सांगितलं. पेनिसिलिनने बोट दोन आठवड्यांत उतरलं. तेव्हापासून ते हाडं तोडताना डाव्या-उजव्या दोन्ही हातांत जाड मोजे घालतात आणि गिऱ्हाईक हसलं तर म्हणतात, "हंसो मत, अक्का की डूटी है."

अक्कांचा हट्टीपणा कधीकधी अती व्हायचा. गल्लीतल्या एका मुलाच्या गालावर लग्नाच्या तीन दिवस आधी धावरं उठलं. चेहऱ्यावरचं धावरं डोळ्याकडे सरकलं तर फार वाईट, म्हणून अक्कांनी त्याच्या गालावर नाकापासून कानापर्यंत रेघ ओढली. मुलाची आई रडायला आली, "अक्का, फोटो निघणार आहेत!" अक्का म्हणाल्या, "फोटोत नवरा पाहिजे की नाही?" औषधाने लाली उतरली, लग्न वेळेवर लागलं, पण पेन चांगल्या कंपनीचं होतं. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवऱ्या मुलाच्या गालावर फिकट निळी रेघ आहे. हळदीनेही ती गेली नाही.

*

मला वाटलं होतं, माझं प्रकरण संपलं. गोळ्यांचा कोर्स मी पूर्ण केला, एकही गोळी चुकवली नाही. तरी पाच महिन्यांनी पुन्हा थंडी वाजली, पुन्हा तीच नडगी. त्यानंतर चार महिन्यांनी तिसऱ्यांदा. दोन्ही वेळा रेघ वेळेवर पडली, म्हणून दोन दिवसांत आटोक्यात आलं. पण प्रत्येक वेळी सूज थोडी मागे राहत होती. मुळात चौतीस सेंटिमीटरची पिंढरी आता बरी असतानाही साडेसदतीस भरत होती. उजव्या पायाला आठ नंबरचा बूट लागायचा, डाव्याला नऊ. मी दोन जोड विकत घेऊन उरलेले दोन अर्धे जोड घरात ठेवले होते. ते दिसू नयेत म्हणून मी खाटेखाली सरकवले होते.

साखर तपासली, नव्हती. हत्तीरोगाचं रक्त तपासलं, तोही नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पायातलं पाणी वर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. प्रत्येक झटक्यात त्यातल्या काही बंद पडतात. आणखी दोन-तीन झटके आले तर पाय असाच जाड राहील, आणि जाड पायाला झटके आणखी येतात." माझं काम उभ्याने. नोकरीची आठ वर्षं राहिलेली. कारखान्यात बसून चेक करायचं टेबल नाही. पाय गेला तर टेबल गेलं, हा हिशोब मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या झटक्यातून उठल्यावर अक्कांनी मला मागाच्या खोलीत स्टुलावर बसवलं. "आज रेघ नाही. आज दार शोधायचं. चोर तीनदा आला, म्हणजे कुठंतरी दार उघडं आहे." त्यांनी माझा डावा पाय मांडीवर घेतला. मी संकोचून ओढायला गेलो. "गप बसा ओ. एकोणीस वर्षं हेच केलंय." मग त्या पायाचं एकेक बोट बाजूला करून बघायला लागल्या. पहिलं बेचकं, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी, करंगळीच्या आत, त्या थांबल्या.

"हे बघा दार."

कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी झाली होती. तिच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती.

"चिखल्या," अक्का म्हणाल्या.

"मला चिखल्या? अक्का, मी शेतात जात नाही."

"शेत तुमच्या बुटात आहे. दहा तास बूट, आत नायलॉनचे मोजे. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुता?"

"धुतो. रोज."

"पुसता?"

"पुसतो."

"बोटं?"

 खरं उत्तर असं होतं की बावन्न वर्षांच्या आयुष्यात बोटांची बेचकी वेगळी पुसायची असतात हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

अक्का खोलीतल्या इतर पाच-सहा जणांकडे वळल्या. "अय्यो, ऐका! लोक लांबून सोलापूरचा टॉवेल मागवतात अंग पुसायला. आणि त्या टॉवेलला पास म्हणणारा माणूस बोटं ओली ठेवतो!"

सगळे हसले. मीही हसलो, पण मान खाली घालून. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की हसणाऱ्यांपैकी बहुतेक जण हळूच आपापल्या पायांकडे बघत होते. त्या खोलीत सहाच्या सहा जण मागावर, रंगखान्यात किंवा शिलाईत कामाला होते. गाव सगळं टॉवेल विणतं आणि पाय धुऊन ओल्याच पायांनी चपलेत जातं.

"तुम्ही पिंढरीचा घेर मिलिमीटरपर्यंत मोजला," अक्का आता हळू आवाजात म्हणाल्या. "जंतू आला तो ह्या चिरेतून. शाळेत शिकवतात माणसाला पायाची दहा बोटं असतात. आठ बेचकी असतात हे कोणी शिकवत नाही. आठही मोजायची. रोज."

त्या दिवसापासून माझ्या वहीत नवा रकाना आला. सकाळ आठ, संध्याकाळ आठ. डॉक्टरांनी चिखल्यांचं मलम दिलं. नायलॉनचे मोजे गेले, सुती आले. कारखान्यात दुपारच्या सुट्टीत बूट काढून बसायचं. खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा, म्हणजे झोपेत पाय वर राहतो. दिवसा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी. आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षभर. ती सतरा झाली. ज्याने ते इंजेक्शन घेतलंय त्यालाच त्याची कळ माहीत. मी लंगडत अक्कांच्या दारावरून जायचो आणि त्या आतून ओरडायच्या, "कितवं?" मी आकडा सांगायचो. "मग रडता कशाला, आता थोडेच राहिले." पाचव्यालाही त्या हेच म्हणाल्या होत्या.

त्याच काळात मी त्यांच्यासाठी एक काम केलं. कारखान्यात सेकंड मालाच्या कापलेल्या कडांचा ढीग पडतो. मॅनेजरना विचारून मी त्यातल्या वीतभर रुंदीच्या पट्ट्या आणायला लागलो. अक्का प्रत्येक येणाऱ्याला एक पट्टी द्यायच्या आणि बजावायच्या, "हा तोंडाचा नाही, हा बोटांचा. तोंड कोणीही पुसतं."

आईही बदलली होती, पण तिच्या पद्धतीने. गेरू तिने टाकून दिला नाही. तो तुळशीवृंदावनाला लावला आणि मला म्हणाली, "जिथला तिथं." मी पाय धुऊन आलो की ती दारातच विचारायची, "आठ?" लहानपणी पाढे म्हणायला लावायची त्याच आवाजात.

सतरावं इंजेक्शन झालं, त्यावर आणखी दोन महिने गेले. एकही झटका नव्हता. एका रविवारी सकाळी अक्कांनी मला वहीसकट बोलावलं. टेप माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "मोजा. मोठ्याने." उजवी पिंढरी चौतीस. डावी चौतीस पॉइंट सहा. मी दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजायला लागलो, तेव्हा त्यांनी टेप काढून घेतली.

"कारखान्यात माल बरोबर निघाला की काय करता?"

"शिक्का मारतो."

त्यांनी अंबाड्यातलं पेन काढलं, जिथे पहिल्यांदा ९:१० लिहिलं होतं त्या जागेवर टेकवलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पास'.

"आता बाजारात जा. आणि जोड घ्या. दोन्ही पायांना एकाच नंबरचा."

मी गेलो. आठ नंबरची चप्पल दोन्ही पायांत घातली आणि दुकानातून घरापर्यंत चालत आलो, रिक्षा केली नाही. आई दारात होती. तिने चपलांकडे बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि आत जाऊन गोड शिरा केला. अर्धे जोड त्याच दिवशी घराबाहेर गेले. पायावरचं 'पास' ठेवावंसं फार वाटत होतं, पण संध्याकाळी ते धुवावंच लागलं. अक्कांचाच नियम.

*

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मला पुन्हा धावरं झालं नाही. अक्का गेल्या वर्षी गेल्या, त्र्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने, दोन दिवसांत. आदल्या आठवड्यात त्यांनी एका रंगाऱ्याच्या घोट्याला रेघ मारली होती. तो दवाखान्यातून बरा होऊन आला तो थेट त्यांच्या अंत्ययात्रेला. घोट्यावर रेघ होती, लाली नव्हती.

अंत्यविधी उरकून आम्ही परत आलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. स्मशानातून आल्यावर दारात पाय धुऊन आत जायची रीत आहे. अक्कांच्या दारात दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या आणि माझी आई, ब्याऐंशी वर्षांची, तांब्याने एकेकाच्या पायांवर पाणी ओतत होती. हीच बाई एकदा बादलीच्या आडवी उभी राहिली होती. शेजारी मागाच्या खोलीच्या खिडकीला दोरी बांधून त्यावर कोणीतरी पट्ट्या टाकल्या होत्या, सगळ्या आमच्या कारखान्याच्या सेकंड मालाच्या.

एरवी अशा वेळी माणूस पायांवर पाणी पडलं की तसाच आत जातो. त्या दिवशी कोणी गेलं नाही. पहिल्याने पाय धुतला, दोरीवरची पट्टी ओढली, एका पायावर उभा राहिला आणि वाकून बेचकी पुसायला लागला. मग दुसऱ्याने. मग गल्लीभर माणसं एका पायावर उभी, कोणी भिंतीला धरून, कोणी एकमेकांच्या खांद्याला धरून. दस्तगीरभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून डुलत होते आणि "गिरा तो पकडो" म्हणत होते. लग्नाच्या फोटोत गालावर रेघ असलेला तो नवरा मुलगा आता आपल्या पाच वर्षांच्या मुलीची बोटं पुसत होता. रडता रडता कोणीतरी हसलं आणि मग ते आवरेना.

आई तांब्या खाली न ठेवता ओरडली, "आठीच्या आठी पुसा रं. बाई बघतीया."

मी मोजलं. आमच्या चेकरच्या सवयीने मोजलं, पण या वेळी गठ्ठा सोडून, एकेक नग डोळ्यांनी बघून. त्रेचाळीस माणसं. प्रत्येकाची आठ, म्हणजे तीनशे चव्वेचाळीस बेचकी. त्यातलं एकही ओलं राहिलं नाही.